सहसा नाही

सुकन्या कर्णिकला आपल्या नेमकेपणाचा भारी अभिमान होता. मराठी असो की जर्मन, अंदाजपंचे शब्द टाकणं तिला जमत नसे. पुण्यात जर्मन शिकून, लग्न करून ती शिरीषबरोबर म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमला आली. शिरीष दिवसभर सॉफ्टवेअर कंपनीत. घरी बसून किती भिंती बघणार, म्हणून तिने परीक्षा देऊन कोर्टाची शपथ घेतलेली दुभाषी होण्याचा मान मिळवला. मान मिळाला, पण काम कुठून मिळणार? मराठीला बव्हेरियात गिऱ्हाईक नव्हतं. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, क्वचित एखादी घटस्फोटाची केस. त्यामुळे २००७च्या एप्रिल महिन्यात म्युनिकच्या एका सरकारी कार्यालयातून फोन आला, तेव्हा बाई मनातून सुखावल्या.

त्या कार्यालयाच्या दारावर पाटी नव्हती. मोबाइल बाहेरच काढून घेतला. आत ब्रांडल नावाचे अधिकारी बसले होते, हेर ब्रांडल; 'हेर' म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. पोट सुटलेलं, आवाज लोण्यासारखा. त्यांनी कॉफी दिली, बिस्किटं पुढे केली आणि इथलं इथेच राहील अशी सही घेतली. जर्मनीत इतका गोड सरकारी माणूस तिला याआधी भेटला नव्हता. खरं तर तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

दिवसच तसे होते. आदल्या उन्हाळ्यात रेल्वेच्या डब्यांत बॉम्बच्या बॅगा सापडल्यापासून स्टेशनवर कुणी पाठीवरची सॅक खाली ठेवली तरी लोक दोन पावलं मागे सरत. त्यात जूनमध्ये उत्तरेला समुद्रकाठी बड्या राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरायची होती. तापत चाललेली पृथ्वी हा तिथला मोठा विषय, आणि त्या प्रमुखांना जाब विचारायला हजारो निदर्शक निघालेले. पृथ्वीचं पुढे बघू, आधी कुंपण घालू, असा एकंदर सरकारी मामला होता.

"एक फोन आहे," ब्रांडल म्हणाले. "भारतात केलेला. याचा अनुवाद एकदा झालाय. आम्हाला खात्री करून घ्यायची आहे."

सुकन्याने कानाला हेडफोन लावला. तरुण पुरुषाचा आवाज होता, बोलण्यात मराठवाडा.

"काका, सुपारी फुटली ना? मग आता थांबायचं नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात बार उडवून टाकू. पुढं पाणी पेटणार आहे, मग कुणाला आवरायचं नाही."

पलीकडून काका म्हणाले, "माणसं किती धरायची?"

"पाचशे तरी. तेवढ्यांचं मी बघतो."

मग ब्रांडलनी आधीचा अनुवाद पुढे सरकवला. तो करणाऱ्याला हिंदी येत असावं, आणि हिंदी आलं की मराठी आलंच, असा त्याचा समज असावा. सुपारी म्हणजे खुनाचं कंत्राट, असं त्याने लिहिलं होतं. बार म्हणजे बार. तो उडवून द्यायचा. मग पाण्याला आग लावायची, आणि पाचशे माणसांचं हा बघणार. तारीख परिषदेच्या महिनाभर आधीची होती, पण तेवढं कोण बघतो? परिषदेच्या हॉटेलात बार होताच. जगातल्या कुठल्या हॉटेलात नसतो?

सुकन्याला हसू फुटलं. ब्रांडल हसले नाहीत.

तिने समजावून सांगितलं. आमच्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात. लग्न थाटात उरकायचं म्हणजे बार उडवायचा. पाणी पेटणं म्हणजे पाण्यावरून भांडणं लागणं, वर्तमानपत्रं रोज लिहितात. ह्याच्या बहिणीचं वगैरे लग्न असेल. मेच्या अखेरीस गावाला टँकर मिळेनासा होईल, मग पाचशे माणसांच्या पंगतीला पाणी आणणार कुठून, म्हणून आधी उरकायचंय. एवढंच आहे हे.

सांगता सांगता तिची जीभ जरा अडखळली. 'टँकर' म्हणताना तिला आवाज ओळखू आला होता.

तो हृषिकेश लोमटे होता. अंबाजोगाईकडचा, गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत काम करणारा. पाडव्याला तो त्यांच्या घरी जेवायला आला होता, दोन वाट्या श्रीखंड मागून खाल्लं होतं, आणि जर्मनशिवाय तोंड न उघडणाऱ्या तिच्या लेकीला, तनयाला, त्याने तासभर मराठीत भेंड्या खेळायला लावलं होतं. सुकन्याला वहिनी म्हणायचा. पाऊस कुठे हटला की कुठे दंगली पेटतात, याचे तो नकाशे करायचा. "म्हणजे तू दंगलींचं पंचांग काढतोस," असं शिरीषने चिडवलंही होतं.

ओळखते, असं सांगायला हवं होतं. नियमच होता तसा. पण सांगितलं असतं तर काम हातचं गेलं असतं, आणि तिच्या जागी पुन्हा तोच सुपारीवाला आला असता. निदान तिने स्वतःची समजूत तशी घातली.

"तुमच्या देशबांधवाचं संशोधन आम्ही आवडीने वाचतो," ब्रांडल म्हणाले. म्हणजे नाव त्यांना ठाऊक होतंच. "आमच्याच एका अहवालात त्याचा नकाशा आहे. पाणी संपलं की कुठले लोक कुणावर उठतील आणि कुठून आमच्या सीमेवर येतील, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. आता तो निदर्शकांच्या सभेत भाषण करणार आहे. काळजी वाटणारच ना?"

"हो," सुकन्या म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"तुम्ही सांगितलेले अर्थ मी मान्य करतो. तिन्ही निरागस. पण फ्राउ कर्णिक, सुपारीचा दुसरा अर्थ तुमच्या भाषेत आहे की नाही?"

"आहे," ती म्हणाली. "मुंबईच्या बातम्यांत असतो. पण सुपारी फुटते ती लग्नाची. खुनाची देतात."

"मग या संभाषणात दुसरा अर्थ पूर्णपणे अशक्य आहे, असं लिहून देता? आउसगेश्लोसन?" त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "घाई नाही. तुमच्या मिस्टरांचा कायमच्या रहिवासाचा अर्ज आहे ना यंदा? होईल तो. छान कुटुंब आहे."

सुकन्याला शिरीषचा अर्ज डोळ्यांसमोर दिसला. पण खोटं कशाला सांगा, त्याच क्षणी तिला पाडव्याचं जेवणही आठवलं. बोलता बोलता हृषिकेशचा आवाज एकदम चढला होता. "पाणी अडवणाऱ्यावर लोकांनी दगड उचलला, तर मला तो दगड चुकीचा वाटत नाही, शिरीषदादा." मग कुणीतरी मठ्ठा मागितला आणि विषय बदलला. आता तो दगड तिच्या डोक्यात गडगडायला लागला. आपण ह्याला कितीसं ओळखतो? एक जेवण, दोन वाट्या श्रीखंड. पाचशे माणसांचं 'मी बघतो' म्हणजे नक्की काय बघतो?

"इन डेअर रेगेल निष्ट," ती म्हणाली. सहसा नाही.

ब्रांडलनी मान डोलावली आणि तिने उच्चारलं तसंच ते लिहून घेतलं. तिने खाली सही केली. बाहेर पडल्यावर मोबाइल परत मिळाला, ऊनही छान पडलं होतं, आणि आपण शब्दाला शब्द खरं बोललो असं ती गाडीत बसून स्वतःला बजावत राहिली.

पुढचं तिच्या कानावर तुकड्यातुकड्यांनी आलं. हृषिकेशचा कॉम्प्युटर नेला. पासपोर्ट ठेवून घेतला, तेव्हा बहिणीच्या लग्नाला त्याला जाता आलं नाही. संस्थेने त्याला 'तूर्तास' घरी बसवलं. मराठी मंडळातली तऱ्हा तर विचारू नका. महाराष्ट्र दिनाच्या नाटकात ज्याला हौसेने घेतलं होतं, त्याचा फोन आता कुणी उचलेना. नीता साठे तर सुकन्याला म्हणाली, "अगं, पोलीस उगाच कुणाच्या दारात येतात का? काहीतरी असणार. आपण मुलाबाळांची माणसं." सुकन्या तिला काही बोलली नाही. गुप्ततेची सही केली होती ना. गप्प बसायला ती सही फार सोयीची पडली.

परिषद पार पडली. कुणी कुठला बार उडवला नाही. जुलैत शिरीषच्या पासपोर्टवर कायमच्या रहिवासाचा शिक्का बसला आणि ती तिघं इटालियन हॉटेलात जेवून आली. सुकन्याला तो पास्ता गोड लागला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी बेल वाजली. तनयाने दार उघडलं. दारात हृषिकेश उभा होता, दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. शिरीष बाजाराला गेला होता.

"आत येऊ का, वहिनी?"

तिने पाणी दिलं. तो सोफ्याच्या कडेवर टेकला.

"व्हिसा वाढवून देत नाहीयेत," तो म्हणाला. "संशय पूर्ण फिटलेला नाही म्हणतात. महिनाअखेर निघावं लागेल. वकिलाने फाइल बघितली. पहिला अनुवाद वाचून मी पोट धरून हसलो. दुसरा मात्र झकास होता. सुपारी, बार, पाणी, सगळं नीट उलगडून सांगितलेलं. वाटलं, सुटलो. आपलं माणूस भेटलं." त्याने पाण्याचा घोट घेतला. "आणि खाली एक ओळ. दुसरा अर्थ सहसा नसतो. सगळं त्या 'सहसा'वर अडलंय, वहिनी."

सुकन्या टीपॉयवरचं वर्तमानपत्र सरळ करू लागली.

"नाव खोडलं होतं," तो म्हणाला. "पण बव्हेरियात मराठीची शपथ घेतलेली माणसं अशी कितीक असणार?"

ती खाली मान घालून म्हणाली, "मीच होते."

"ते कळलं मला. भांडायला नाही आलो. एकच विचारायचंय." आता त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्यावर प्रेशर होतं का? शिरीषदादाचं काही? तसं असेल तर मला समजतं, वकीलही तसं मांडेल. की तुम्हाला खरंच डाउट आला होता?"

सुटायची वाट त्याने स्वतःच उघडून दिली होती. हो म्हटलं असतं तर ती बिचारी, घाबरलेली बायको ठरली असती, आणि ह्याने उठून कदाचित तिचंच सांत्वन केलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि हे तिला त्याच्या तोंडावर लपवता येईना.

"ते शिरीषचं बोलले होते," ती म्हणाली. "मी घाबरलेही होते. पण डाउट आला होता, हृषिकेश. तू पाडव्याला दगडाचं बोललास ना, ते आठवलं. वाटलं, काय सांगावं."

त्याचा चेहरा एकदम मोठ्या माणसासारखा दिसायला लागला. त्याने ग्लास टीपॉयवर ठेवला.

"मी लिहून देते," ती घाईने म्हणाली. "सोमवारी जाते. दुसरा अर्थ अशक्य आहे असं लिहिते, तुला ओळखत होते हेही सांगते. माझी शपथ काढून घेतली तर घेऊ देत. अरे, बस ना, चहा टाकते."

"नाइन, डांके, फ्राउ कर्णिक," तो म्हणाला. नको, धन्यवाद.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण तो पुढेही जर्मनमध्येच बोलत राहिला, स्वच्छ, थांबत थांबत, आणि तिला परक्या माणसासारखं 'झी', म्हणजे 'आपण' म्हणत. माझे वकील फ्रांकफुर्टहून दुसरा दुभाषी बघत आहेत. मला न ओळखणारा हवा. आपण वेळ दिलात, आभारी आहे.

"हृषिकेश, मराठीत बोल रे माझ्याशी," ती म्हणाली. तिला रडू येत होतं.

"आउफ वीडरझेएन," तो म्हणाला. सुकन्याला हात मिळवला, तनयाच्या केसांवरून हात फिरवला आणि जिना उतरून गेला.

तनया दारात तशीच उभी राहिली. मग आईकडे वळून, कितीतरी दिवसांनी, तुटक मराठीत तिने विचारलं, "आई, काका मराठी का नाही बोलला?"

"कारण मला मराठी कळतं," सुकन्या म्हणाली.