रात्रपाळी, पहिलवान आणि माझी मातोश्री

सुज्ञ वाचकहो, ज्या मनुष्यास घरी कोणाची तरी शुश्रूषा करावी लागते, त्यास नोकरीच्या ठिकाणी कमी का लेखले जाते, याविषयी माझ्यावर गुदरलेला प्रसंग मी पुढे निवेदन करीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असल्याने भाषेत उणीव आढळल्यास क्षमा असावी. संतापात मात्र उणीव आढळणार नाही.

मी सोनईजवळील एका पशुखाद्याच्या कारखान्यात पोती भरण्याचे काम करतो. माझी मातोश्री रंगुबाई अर्धांगवायू झाल्यापासून खाटेवरच असते. माझी पत्नी दिपाली एका खासगी दवाखान्यात परिचारिका असून तिला रात्रपाळी असते. तेव्हा दिवसा दिपाली व रात्री मी, अशी सेवा आम्ही वाटून घेतली होती आणि संसार सुरळीत चालला होता.

परंतु यंदा मला कायम करण्याची वेळ आली. व्यवस्थापक उत्तमराव यांनी सांगितले की, कायम कामगारास आठवड्याआड रात्रपाळी करावीच लागेल.

"साहेब, रात्री आईजवळ मीच असतो," मी म्हणालो.

"घरात बाईमाणूस नाही का?"

"आहे. ती रात्री कामावर असते."

"मग तिला घरी बसव की. आईची उठबस करणं हे काय गड्याचं काम आहे?"

हे ऐकून दिपालीने आपल्या डॉक्टरीणबाईंना विनंती केली की, नवऱ्यास रात्रपाळी असेल त्या आठवड्यात मला दिवसपाळी द्यावी. बाई उत्तरल्या, "आई त्याची ना? मग त्यानं घरी थांबावं. तू कशाला ओढाताण करून घेतेस?"

अशा रीतीने दोन्ही मालकांनी एकमेकांच्या नोकरावर भार टाकून आपापले हात झटकले.

दुसऱ्या दिवशी दिपाली स्वतः कारखान्यात आली आणि उत्तमरावांसमोर उभी राहून तिने मोबाईल काढला.

"साहेब, तुमी म्हणता मी घरी बसावं. आमच्या बाई म्हणत्यात ह्यांनी बसावं. आमाला दोगांचं ऐकता येत न्हाई. तुमी दोगं बोलून काय ते ठरवा, आमी तसं करतो. घ्या, लागलाय फोन."

उत्तमरावांना फोन घेणे भाग पडले. दोन सुशिक्षित माणसे बोलत असल्याने माझ्या अंतःकरणी आशेचा उदय झाला. प्रथम उभयतांनी पाऊसपाण्याची विचारपूस केली. नंतर "बरोबर आहे मॅडम," "अगदी माझ्या मनातलं बोललात," असे शब्द कानी आले. फोन परत देऊन साहेब प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "मिटलं. मॅडमनी तोडगा काढला. आईला बहिणीकडं ठेव."

"वन्सं ऊसतोडीला जात्यात," दिपाली म्हणाली. "सासूबाईंना फडावरच्या पाचटाच्या कोपीत टाकू का?"

"तो तुमचा घरचा प्रश्न."

तेव्हा माझा संयम सुटला. "साहेब, आपल्या कारखान्यातला अंगद कायम कामगार आहे. त्याला रात्रपाळी का नाही?"

"अरे, अंगद पहिलवान आहे. जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात उतरतो. झोप मोडली तर पोराचं अंग उतरतं." साहेबांच्या स्वरात वात्सल्य होते.

"म्हंजी मान्सं पाडायला रातपाळी माफ," दिपाली म्हणाली, "आन् मान्साला उठवायला न्हाई."

साहेबांनी पंखा वाढविला व आम्हास जाण्याची खूण केली. माझ्या मागून कामावर लागलेला एक अविवाहित इसम त्याच आठवड्यात कायम झाला. मी होतो तेथेच राहिलो.

सायंकाळी मातोश्रीने विचारले, "झाला का रं कायम?"

"न्हाई. रातपाळी सोडत न्हाईत. अंगदला सोडत्यात, कुस्तीसाठी."

"मंग तू बी लंगोट बांध," ती म्हणाली. "पन आदी मला कुशीवर कर, पाठ अवघडली."

मी तिला कुशीवर केले आणि पाठीशी उशी लावली. येत्या सुट्टीच्या दिवशी मी नगरच्या कामगार कार्यालयात जाणार आहे. जी सवलत कुस्तीस मिळते ती मातेच्या सेवेस का मिळू नये, एवढेच तेथे विचारणार आहे. मातोश्रीस बहिणीकडे पाठविणार नाही, दिपाली नोकरी सोडणार नाही, आणि कायम होण्यावरील माझा हक्कही मी सोडणार नाही.

आपण आपला वेळ खर्चून एका पोती भरणाऱ्याचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

कानिफनाथ येळवंडे, सोनई