मंजूर की नामंजूर

न्यायाधीश साहेबांना अख्ख्या शहरात बोलायला एकच माणूस होतं, आणि तेही सरकारने कंत्राटावर दिलेलं. कोर्टातल्या स्टेनोबाई. न्यायाधीशाने लोकांत मिसळू नये म्हणून साहेब कोणाच्या लग्नाला जात नसत, शेजाऱ्याकडे चहा घेत नसत. बायको गेल्यापासून घरात भिंतींशीसुद्धा जपूनच बोलत. बाईंशी बोलणं म्हणजे तरी काय, साहेब निकाल सांगायचे आणि बाई टाइप करायच्या. पण साहेबांना तेवढ्याने दिवस भरल्यासारखा वाटे.

कोर्टाच्या पैशाच्या नाड्या वित्त खात्याच्या हातात. बाईंची मुदतवाढ दरवर्षी तिथूनच यायची. आणि यंदा साहेबांपुढे जो दावा होता, त्यात प्रतिवादी तेच खातं. निवृत्त बसचालकांचं पेन्शन त्यांनी अडवून ठेवलं होतं. खात्याचे एक अधिकारी 'सहज' भेटायला आले आणि ऐसपैस बसून म्हणाले, "तुमच्या स्टेनोबाईंची फाइल माझ्याच टेबलावर आहे. निकाल लागला की बघतो."

साहेबांनी त्यांना दार दाखवलं. दार दाखवायला काय लागतं हो? नंतर त्याच खोलीत बाईंना समोर बसवून निकाल सांगायचा होता.

कारणं त्यांनी झरझर सांगितली. शेवटच्या ओळीशी मात्र जीभ अडखळली. "चालकांचा दावा ना... मंजूर," असं काहीतरी तोंडातल्या तोंडात निघालं.

बाईंची बोटं थांबली. "मंजूर की नामंजूर?"

साहेबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका, साहेब. मला घर चालवायचंय. मी काय सांगणार?"

"मंजूर," साहेब म्हणाले.

चालकांना पेन्शन मिळालं. बाईंची मुदतवाढ निधीअभावी नाकारली गेली. शेवटच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करता करता त्यांनी विचारलं, "याच्याविरुद्ध मला दावा लावता येईल ना?"

"येईल. पण माझ्यापुढे नाही चालणार." साहेब म्हणाले. "ओळखीच्या माणसाचा दावा न्यायाधीशाने ऐकायचा नसतो."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं.

"इतक्या वर्षांत माझ्या घरी कोण कोण आहे, हेसुद्धा तुम्ही कधी विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या. "आपली कसली ओळख, साहेब?"