साधी काडतुसं

आप्पा जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आले तेव्हा २००७चा ऑक्टोबर लागला होता. उल्काची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि वडील मिरजेत एकटे राहतात याचा तिला घोर लागून राहिला होता. तीन महिन्यांचा व्हिसा काढून तिने त्यांना बोलावून घेतलं. आप्पा पोलिसात शिपाई म्हणून लागले होते आणि फौजदार म्हणून निवृत्त झाले होते. वय अडुसष्ट, पाठ अजून ताठ.

जावई देवदत्त सॉफ्टवेअर कंपनीत होता. सासऱ्यांशी त्याचं कधी वाजलं नव्हतं. पण त्यांच्यासमोर आपण जरा कमी पडतो असं त्याला लग्नापासून वाटायचं. आप्पा काही लागट बोलायचे असं नाही. "तुमचं काम बसून करायचं, बरं असतं," एवढंच म्हणायचे. सहा वर्षांची तनया मात्र आजोबांच्या मागे लागायची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. आप्पा दरोडेखोरांच्या पाठलागाची गोष्ट सांगायचे, तिला ऐकताना खाण्याची शुद्ध नसायची, आणि गोष्ट संपली की "नोखमाल!" म्हणून ती पुन्हा सांगायला लावायची. बापाच्या कामाबद्दल तिने कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

देवदत्त दोन वर्षांपासून गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबचा सभासद होता. एका रविवारी जेवताना त्याने आपला एक टार्गेटचा कागद आणून दाखवला. दहापैकी आठ गोळ्या काळ्या वर्तुळात होत्या. आप्पांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण कागद काही आपल्या अंगावर धावून येत नाही, देवदत्तराव."

उल्का हसली. तनयाही हसली, आई हसली म्हणून. देवदत्तने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "आप्पा, पुढच्या शनिवारी तुम्हीच चला की क्लबला."

आप्पांचा चेहरा उजळला. "चालेल ना? तीस वर्षं कमरेला रिव्हॉल्व्हर होतं. बघू, हात विसरलाय का."

त्या शनिवारी इमारतीचा जिना पुसायची पाळी उल्काची होती. ती पुसून वर आल्यावर दोघं गाडीने निघाले.

क्लबमध्ये देखरेखीला लेंत्स होते. साठीचे, जाडजूड आणि सावकाश बोलणारे. त्यांचं उभं आयुष्य इडार-ओबरश्टाइनच्या रत्नव्यापाऱ्यांचा माल पोचवण्यात गेलं होतं, त्यामुळे कोटाखाली शस्त्र बाळगायचा दुर्मीळ परवाना त्यांच्याकडे होता. पाहुणा जुना पोलीस आहे हे कळल्यावर त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं आणि इतकं हलकं की आप्पांनी हातात घेतलं तेव्हा ते वरच उचललं गेलं.

"खेळण्यातलं आहे का?" आप्पांनी विचारलं. "आमचं सरकारी किलोभराचं होतं. संध्याकाळपर्यंत कंबर मोडून यायची."

देवदत्तने भाषांतर केलं. लेंत्स हसले. "म्हणूनच तर घेतलं. टिटॅनियम आणि ॲल्युमिनियम आहे. दिवसभर कोटात असलं तरी कळत नाही. पण बाळगायला जितकं हलकं, तितकं झाडायला वाईट. गोळीचा सगळा जोर कुणीतरी खायलाच हवा ना? जड असतं तर लोखंडाने खाल्ला असता. हे हातालाच खायला लावतं."

त्यांनी दोन डबे टेबलावर ठेवले. या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्ही जातींची काडतुसं चालायची. एक साधी, दुसरी मॅग्नम. मॅग्नम किंचित लांब. "मी स्वतःसुद्धा मॅग्नमच्या पाचच गोळ्या झाडतो, तेही वर्षातून दोनदा, आणि मग आठवडाभर मनगट चोळत बसतो. पाहुण्यांना या साध्या द्यायच्या. कळलं ना?" त्यांनी डब्यावर बोट ठेवून दाखवलं. "वहीत नाव लिहून आलो. तोवर थांबा."

लेंत्स आत गेले. देवदत्त टेबलापाशी उभा होता. आप्पा कानावरचे मोठे संरक्षक हातात फिरवत समोरच्या टार्गेटकडे पाहत होते.

नंतर त्याने स्वतःला कितीही सांगितलं की डबा चुकला, तरी तसं झालं नव्हतं. त्याने लेबल वाचलं होतं. मॅग्नमचा डबा उघडून पाच काडतुसं एकेक करून चक्रीत भरताना त्याच्या डोक्यात एवढंच होतं की एकदा यांचा हात हलू दे. एकदाच. मग हसून म्हणता येईल, काय आप्पा, कागदसुद्धा धावून येतो की.

"साधीच आहेत," तो मराठीत म्हणाला, कुणी विचारलं नसताना.

लेंत्स परत येऊन मागे उभे राहिले. आप्पांनी रिव्हॉल्व्हर घेतलं आणि डावा हात पाठीमागे नेला. एका हाताने. त्यांच्या काळी तसंच शिकवायचे. देवदत्तला ते दिसलं. दोन्ही हातांनी धरा, एवढे तीन शब्द बोलायला वेळ होता. तो बोलला नाही.

आवाजाने छत हादरल्यासारखं वाटलं. रिव्हॉल्व्हर आप्पांच्या मुठीत उसळून जवळजवळ कपाळापर्यंत गेलं, हात मनगटातून मागे मोडल्यासारखा वाकला. ते हातातून पडलं मात्र नाही. आप्पांनी डाव्या हाताने ते सोडवून घेतलं, नळी समोर ठेवून टेबलावर ठेवलं आणि उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"जोर आहे," ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता.

लेंत्सनी पुढे होऊन चक्री उघडली. उरलेली चार काडतुसं तळहातावर घेऊन त्यांनी देवदत्तकडे पाहिलं. मग ती मॅग्नमच्या डब्यात परत ठेवली.

गाडीत आप्पांनी खिशातून हात काढला. अंगठ्याखालचा भाग वांग्यासारखा सुजला होता.

"उल्काला हे सांगायला नको," ते म्हणाले. "म्हणेल, या वयात कशाला गेलात. तुमच्यावरही चिडेल. निघताना जिन्यात पाय घसरला म्हणतो."

"बरं," देवदत्त म्हणाला.

एक्स-रेमध्ये मनगटातलं बारीक हाड मोडलेलं निघालं. या वयात ते सावकाश जुळतं, पूर्ण जुळेलच असं नाही, असं तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. आठ आठवडे.

घरी उल्काने प्लास्टर पाहिलं. कसं झालं ते ऐकलं आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"जिन्यात? तुम्ही निघायच्या जरा आधीच मी पुसला होता. मी ओला ठेवून वर आले."

"अगं, माझाच पाय वाकडा पडला," आप्पा म्हणाले.

"नाही आप्पा. खालच्या मजल्यावरची फ्राउ श्मिट मला नेहमी सांगते, कोरड्या फडक्याने पुन्हा पूस. कंटाळा केला मी."

आप्पांनी देवदत्तकडे पाहिलं. देवदत्त तनयाच्या जाकिटाची चेन काढत होता. चेन निघाल्यावरही तो बराच वेळ तीच वर-खाली करत राहिला.

त्यानंतरचे पाच दिवस उल्का वडिलांना भात कालवून द्यायची, शर्टाची बटणं लावायची, आणि मध्येच थांबून म्हणायची, "दोन मिनिटांचं काम होतं रे, देवदत्त. नुसतं फडकं फिरवायचं." तो म्हणायचा, "होतं असं." एकदा तो घरी आला तेव्हा ती गुडघ्यांवर बसून जिन्याची पायरी न पायरी कोरडी करत होती, पाळी दुसऱ्यांची असताना. तो तिच्या बाजूने वर चढून गेला. आप्पांनी गोष्टी सांगणं बंद केलं होतं. तनयाने हट्ट केला की म्हणायचे, "आता आठवत नाही गं."

बुधवारी लेंत्सचा फोन आला. "मी तुला डबा बोट ठेवून दाखवला होता ना?"

"हो," देवदत्त म्हणाला.

"देखरेख माझी होती. दुसऱ्याच्या हातात ते द्यायलाच नको होतं. मी क्लबच्या मंडळाला तसं लिहून कळवलंय. तू तुझं सभासदत्वाचं कार्ड पाठवून दे." आणि शेवटी, "तो म्हातारा माणूस कसा आहे?"

गुरुवारी सकाळी उल्का तनयाला शाळेत सोडायला गेली होती. आप्पांना डाव्या हाताने दाढी जमत नव्हती, म्हणून देवदत्तने त्यांना न्हाणीघरात स्टुलावर बसवलं आणि गालांना साबण लावला. एक गाल झाल्यावर त्याने वस्तरा खाली ठेवला.

"आप्पा, ती काडतुसं साधी नव्हती."

"ठाऊक आहे."

"मी मुद्दाम भरली."

"तेही पाहिलं. तीस वर्षं हाताळलीत मी. लांबी कळते." आप्पा आरशात बघत होते, त्याच्याकडे नाही. "साधीच आहेत म्हणालात. जावयाला परक्या माणसासमोर खोटं पाडू? आणि खरं सांगू का, मला वाटलं, पेलेल. पेललं नाही. तेवढं माझं. दुसरा गाल करा, साबण वाळतोय."

देवदत्तने वस्तरा उचलला. डोळे भरून आल्याने त्याला नीट दिसत नव्हतं, तो पुन्हा खाली ठेवावा लागला.

"जिन्याचं मी बोललो, ती माझी चूक," आप्पा म्हणाले. "पोर सगळं स्वतःवर घेऊन बसली. पण तिला सांगायचं तुम्हीच. मी सांगितलं तर मी तुमची तक्रार केल्यासारखं होईल."

उल्का परतली तेव्हा तो दारातच उभा होता. त्याने सगळं सांगितलं: डबा, लेबल, एक हात, "साधीच आहेत", आणि गाडीतलं "बरं". तिने कोट काढला नाही. मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मॅग्नम का काय ते, त्याचं मला कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "राग आला असेल तुला. माणूस करतो काहीतरी. पण मी जिन्यात बसले होते, तू माझ्या शेजारून गेलास."

तो दारातून बाजूला झाला.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. आप्पा इथे असेपर्यंत घरात सगळं नीट चाललं होतं, चहा वेळेवर व्हायचा, रविवारी फिरायला जाणं व्हायचं. फक्त ती देवदत्तला काही विचारायची आणि त्याने उत्तर दिलं की क्षणभर त्याच्याकडे बघत राहायची, खरं आहे का ते ठरवल्यासारखी. आप्पा परत गेल्यावरही ते थांबलं नाही.

डिसेंबरच्या अखेरीस प्लास्टर निघालं आणि आप्पा मिरजेला परतले. जानेवारीत त्यांचा फोन आला. पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता म्हणून ते बँकेत गेले होते, आणि तिथे त्यांची सही जुन्या सहीशी जुळेना. पेन धरताना अंगठ्यात जोर येत नव्हता.

"तीनदा केली," ते सांगत होते. "शेवटी साहेब म्हणाला, काका, अंगठा लावा. शाई लावून अंगठा उमटवला. आयुष्यभर लोकांचे घेतले, स्वतःचा पहिल्यांदाच."

देवदत्तने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "आप्पा..."

"हं, बोला."

पलीकडे आप्पा थांबले होते. स्वयंपाकघराच्या दारात उल्का उभी होती, तीही थांबली होती.

"तिकडे थंडी आहे का?" देवदत्तने विचारलं.

"आहे थोडी," आप्पा म्हणाले. "सकाळची."