तक्रारींच्या टेबलाची रेघ

ऑफिसात तिला सगळे आखणीबाई म्हणत. सॉफ्टवेअर बांधायच्या आधी त्यातली कोणती माहिती कुठे राहील, हे आखून देणं तिचं काम. पडद्यावर एकेक टेबल चौकटीसारखं मांडायचं, त्यात रकाने घालायचे, कुठला सक्तीचा नि कुठला रिकामा चालेल ते ठरवायचं, आणि दोन टेबलांचं नातं असेल तर मध्ये रेघ ओढायची. या रेघेवरही एक गोष्ट नेमून द्यावी लागते: इकडची नोंद पुसली, तर तिला जोडलेल्या तिकडच्या नोंदींचं काय करायचं.

सध्या तिच्याकडे एका वृद्धाश्रमाचं काम होतं. तिला लहानाचं मोठं करणारी आत्या तिथेच राहायची. तिने हे साहेबांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "उलट बरंच आहे, जीव लावून करशील."

त्या सकाळी तिने त्या आखणीचं मॉडेल उघडलं आणि 'निवासी' आणि 'तक्रारी' या दोन टेबलांमधल्या रेघेवर तिची नजर अडली. तक्रारी शिल्लक असतील तर निवाशाची नोंद पुसूच द्यायची नाही, असं तिने स्वतः नेमलं होतं. आता तिथे उलटं होतं. निवासी पुसला की त्याच्या सगळ्या तक्रारीही त्याच्याबरोबर पुसल्या जाणार.

तिच्या मनात पाल चुकचुकली. माणूस गेला की त्याचं गाऱ्हाणंही गेलं, ही सोय कुणाला हवी असेल?

कुणी काय बदललं, ते टूलमध्ये दिसतं. नाव शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचं होतं, ज्याला सगळे दाढी म्हणत. दोघं बरीच वर्षं एकत्र काम करत आलेले, डबाही एकत्रच खायचे.

"ही रेघ तू बदललीस?"

"हो. त्यांच्याकडून फोन आला होता. तू रजेवर होतीस."

"कुणाचा फोन?"

"वृद्धाश्रमातून कुणीतरी बाई होत्या. नाव नाही विचारलं." त्याने मान वर केली नाही. "का गं, बिघडलं काय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि तो चहाला उठल्यावर तिने मॉडेलमध्ये बदल करायची त्याची परवानगी काढून टाकली. तेवढ्यापुरती, असं तिने स्वतःला समजावलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. तिथले व्यवस्थापक अतिशय गोड बोलणारे गृहस्थ. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, जुनं साठून राहत नाही ना?" तेव्हा तो प्रश्न साधा वाटला होता. आता त्यातला शब्दन्‌शब्द काळा दिसत होता.

रविवारी ती आत्याकडे गेली. नेहमीचाच व्हरांडा, पण आज तिला ताज्या रंगाचासुद्धा संशय येत होता. आत्याच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली.

"मास्तरीणबाई कुठे गेल्या?"

"गेल्या बिचाऱ्या. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नेलं, परत आल्या नाहीत." आत्याने चष्मा पुसला. "घोरायच्या फार. आता त्या शांततेमुळेच झोप लागत नाही."

"त्यांनी काही तक्रार केली होती का गं?"

"न्हाणीघरातला धरायचा दांडा हलतो म्हणून. महिनाभर त्याच एका गोष्टीमागे होत्या." आत्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू काय पोलिसात लागलीस की काय? आल्यापासून भिंतींकडे बघतेयस."

ती न्हाणीघरात गेली. दांड्याला हात लावला, तर तो दाराच्या सैल कडीसारखा खुळखुळला.

व्हरांड्याच्या टोकाला सिस्टर औषधांच्या वाट्या भरत होत्या. आखणीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सिस्टर, आमच्या ऑफिसात इथून फोन कुणी केला होता? तक्रारी पुसण्याबद्दल?"

सिस्टरांचा हात थांबला.  तेवढ्यानेच हिला वाटलं, सापडलं.

"मीच केला होता," सिस्टर म्हणाल्या. "व्यवस्थापकांना माहीत नाही. सांगू नका."

"पण का?"

"मास्तरीणबाई गेल्या, त्याला आठवडा झाला असेल. त्यांच्या मुलाच्या फोनवर आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा मेसेज गेला. 'आपल्या आईंच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. त्या समाधानी आहेत का? हो किंवा नाही कळवा.'" सिस्टरांनी वाटी खाली ठेवली. "तो इथे आला. भांडायला आलाय असं वाटलं मला. त्याने नुसता फोन पुढे धरला आणि त्या पायरीवर बसून राहिला. काय बोलणार त्याच्याशी? म्हणून तुमच्याकडे फोन केला. म्हटलं, नव्या कॉम्प्युटरात माणूस गेला की त्याचं सगळं काढून टाका, पुन्हा कुणाला असला मेसेज जायला नको."

 इतके दिवस ज्या हाताचा ती माग काढत होती, तो हा निघाला. पण तरी काहीतरी टोचत राहिलं.

"सिस्टर, दांडा तर अजून हलतोय. मग निवारण झालं म्हणून कुणी लिहिलं?"

"कुणीच नाही. तीस दिवस झाले की तक्रार आपोआप बंद होते. वरून तसंच सांगितलंय."

सोमवारी तिने रेघ परत पहिल्यासारखी केली. 'निवासी' टेबलात निधनाच्या तारखेचा रकाना घातला आणि वर्णनात लिहिलं: ही तारीख भरली की नातेवाइकांना एकही मेसेज जाणार नाही. मग ती 'तक्रारी' टेबलाकडे वळली. तक्रार कुणी सोडवली, त्याच्या नावाचा रकाना तिथे आधीपासून होता, पण रिकामा चालेल असा. तिने नियम घातला की तक्रार बंद करायची असेल, तर तो भरलाच पाहिजे.

बैठकीत व्यवस्थापकांनी प्रत्येक चौकटीला मान डोलावली. 'तक्रारी'च्या चौकटीपाशी मात्र ते थबकले.

"हे नाव द्यायलाच हवं का, मॅडम?"

"बंद करायची असेल तर हो."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तक्रार उघडीच राहील. तीस दिवसांनीही."

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला. साहेब खिडकीबाहेर बघत होते. "माणसं कमी आहेत हो आमच्याकडे," व्यवस्थापक म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला गोडवा जरा पातळ झाला. मग हसले. "उत्तम. राहू द्या."

ते हसू खरं की वरवरचं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला, की मिस्त्री येऊन दांडा घट्ट करून गेला, आणि आता तो इतका घट्ट आहे की टॉवेलही अडकवता येत नाही. ती हसली, पण मनाशी म्हणाली, पुढच्या महिन्यात पुन्हा हलवून बघेन.

दाढीला परवानगी काढल्याचं कळायचं तेव्हा कळलंच. तो तिच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"माझा बदल का चालत नाहीये?"

तिने खरं ते सांगितलं. फोनचं, सिस्टरांचं, सगळं. त्याने ऐकून घेतलं.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं होतं."

"ते विचारणं नव्हतं. तुझं आधीच ठरलं होतं."

 तिने परवानगी तिथल्या तिथे परत दिली. तो थँक्यू म्हणाला, फार नीट म्हणाला. त्यानंतर मॉडेलमध्ये साधा एक रकाना जरी बदलायचा असला, तरी तो तिला हाक मारून आधी दाखवायचा, बघ, हे असं करतोय, चालेल ना. डबा मात्र तो आता खिडकीशी बसून खायचा. एका दुपारी तिने आपला डबा उचलला, त्याच्या टेबलावर नेऊन उघडला आणि समोर बसली.  त्याने पाण्याची बाटली थोडी बाजूला सरकवून तिला जागा करून दिली.