आधीकळस

“राहू दे ते पान. फाटेल.”

“फाटू देईन होय मी? जन्म गेला माझा यात.” म्हातारीने ओलं फडकं पानाच्या कडेवर पुन्हा ठेवलं आणि तळव्याने हलकेच दाबलं, तापलेल्या कपाळावर दाबावं तसं. “खळ तुमच्या हातची आहे ना! माणूस सुटेल, पान सुटायचं नाही.”

भिंतीजवळच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याने नुसतं तोंड फिरवलं. चार वर्षांपासून त्याचे हात थरथरत होते. सुईत दोरा तर सोडाच, चहाची बशीसुद्धा त्याला धरवत नव्हती. बायंडिंगचं दुकान आता म्हातारीच्याच हातावर चाललं होतं. तो मात्र रोज सकाळी तिच्यामागून येऊन खुर्चीत बसायचा आणि सूचना करायचा. तिला त्या सूचनांची सवय झाली होती, घड्याळाच्या टिकटिकीची होते तशी.

टेबलावर चर्चमधलं वाचनाचं मोठं शास्त्र, बायबल, उघडं पडलं होतं. नव्या तरुण पाळकाने ते सोमवारी चादरीत गुंडाळून, आजारी माणसाला आणावं तसं दोन्ही हातांवर आणलं होतं.

“काकू, शिवण पार गेलीय. सगळं सुटं करून नव्याने बांधा. आणि आता सुटतंच आहे, तर ते एक पानसुद्धा जागेवर लावून टाका,” तो म्हणाला, आणि खुर्चीकडे लक्ष जाताच जीभ चावून गप्प झाला.

ते एक पान सगळ्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्याने हेच पुस्तक बांधून दिलं होतं. वर्षाच्या शेवटच्या रविवारी वाचक शेवटचं पान वाचायला उभा राहिला, तर पान जागेवर नाही! भरल्या सभेत तो पानं चाळत राहिला. अखेर पान सापडलं ते पार सुरुवातीला. देवाने घडवलेल्या पहिल्या दोघा माणसांना बागेतून बाहेर काढतात आणि दाराशी पहारा बसतो, त्या पानाच्या लगेच पुढे. विचारायला आलेल्या वडीलधाऱ्यांना म्हाताऱ्याने “चुकलं” एवढंच सांगितलं. “पण आता ओढलं तर फाटेल. राहू द्या.” तेव्हापासून चर्चचं काम दुसरीकडे गेलं, आणि आधी कळस मग पाया या म्हणीवरून कोणा टवाळाने त्याचं नाव पाडलं, आधीकळस. पोरंसोरंसुद्धा म्हणायची, “आधीकळस काका चालले बघ!” हळूहळू त्याने चर्चला जाणंच सोडलं.

म्हातारीही त्याला आधीकळस म्हणायची. चिडली की, आणि कधी कधी न चिडतासुद्धा. तिच्या मनातला राग मात्र वेगळाच होता. त्यांची एकुलती एक लेक सात वर्षांची होऊन तापाने गेली, आणि तिसऱ्या दिवशी हा माणूस या पुस्तकाला खळ लावत बसला होता. डोळ्यांतून टिपूस नाही. घरात मूल गेलेलं, आणि याला कामाची पडलेली! त्या दिवसापासून तिने एक नेम धरला. रोज पहाटे, चूल पेटवायच्या आधी, शास्त्राचं एक पान वाचायचं. क्रमाने, एकही न गाळता. आजारपणातही तो नेम कधी चुकला नव्हता. नवऱ्याशी बोलायचं जे राहून गेलं, ते ती त्या पानांशी बोलायची.

फडक्याखालची खळ आता मऊ झाली. तिने हाडाची पट्टी कडेखाली सरकवली. पान सुटत आलं. खळीखाली दडलेली बोटभर रुंदीची पट्टी एकतीस वर्षांनी उजेडात आली, आणि तिच्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. म्हातारीने चष्मा सारखा केला.

‘खारू, हे आधी वाच. घेतात परत आत.’

नवऱ्याचं अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. आणि खारू म्हणजे त्यांची लेक. पुठ्ठ्यांच्या घडवंचीवर खारीसारखी सरसर चढायची, म्हणून खारू. हे नाव या घरात एकतीस वर्षांत कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “हे काय आहे?”

म्हाताऱ्याने आपले हात मांड्यांखाली दडवले.

“सांगितलं होतं, राहू दे म्हणून.”

“काय आहे हे? सांगा मला.”

“मी तिला रोज संध्याकाळी एक पान सांगायचो,” तो म्हणाला. “तू स्वयंपाकात असायचीस. ताप आला त्या दिवशी बागेचं पान होतं. त्या दोघांना बाहेर काढतात ते. मी थांबलो. तर म्हणते, बाबा, मग त्यांना परत आत घेतात का?”

“मग?”

“मग काय! मी बायंडर माणूस. म्हटलं, क्रमाने ऐकायचं खारू, मधली पानं उडवायची नसतात. ते शेवटच्या पानावर आहे. वाट बघ.” त्याने टेबलावरच्या त्या पानाकडे पाहिलं. “दुसऱ्या दिवशी ताप चढलेला. तापातसुद्धा विचारत होती, घेतात का? मी म्हटलं, आधी बरी हो. एक शब्द होता गं. नुसतं हो म्हणायचं होतं. तेवढंही म्हटलं नाही मी.”

दुकानासमोरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिचं एक चाक करकरत होतं. तो आवाज हळूहळू पार विरला.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? की पोरीचा शेवटचा प्रश्न माझ्यापाशी होता, आणि मी तिला थांब म्हटलं?” त्याने बाहीने तोंड पुसलं. “चूक म्हणाले लोक. म्हटलं, म्हणू देत. चूकच होती, फक्त वेगळी. ते पान तिथेच राहू दे गं. तुझ्या पाया पडतो.”

असं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. म्हातारी उठली. तिने पान दोन टीपकागदांत ठेवून वर वजन ठेवलं. मग खुर्चीपाशी येऊन त्याचे थरथरणारे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. हात थांबले नाहीत. तिचेही त्यांच्याबरोबर थरथरू लागले.

“ते शेवटीच लावायला हवं,” ती हळूच म्हणाली.

“अगं...”

“ऐका माझं. पोरगी पोचलीसुद्धा त्या पानावर. तिला आता कोणी सांगायची गरज नाही. मधल्या पानांत आपण आहोत, तुम्ही आणि मी. शेवटचं पान पुढे आणून चिकटवलंत, तर आपण चालत जायचं कुठे?”

 दुसऱ्या दिवशी तिने शिवायला घेतलं, तेव्हा म्हाताऱ्याने आपली खुर्ची भिंतीपासून ओढत टेबलाजवळ आणली.

दोरा मेणावर ओढून ती एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, चढवत गेली, आणि जो फर्मा हातात असेल त्यात काय आहे ते सांगत गेली. कोणी मागितलं नव्हतं, आणि तिने ठरवलंही नव्हतं. बागेचं दार लागलं. भावाने भावाला मारलं. पाणी चढलं आणि उतरलं. एका म्हाताऱ्याला, तारे मोजता आले तर मोज, तेवढी लेकरं देईन, असं वचन मिळालं, आणि मग त्यालाच एकुलत्या एक लेकाला बळी द्यायला घेऊन डोंगर चढायला सांगितलं.

“त्याचा वाचला,” म्हातारा म्हणाला.

“हो. त्याचा वाचला.” तिने टाका ओढला.

गुलामी आली, समुद्र दुभंगला, चाळीस वर्षं वाळवंट तुडवून झालं. राजे आले, बिघडले, गेले. शहर जळालं, आणि माणसं परक्या नदीकाठी बसून आपल्या घरासाठी रडली. शुक्रवारी दुपारी तिच्या हातात एक कोरं पान आलं.

“इथे काय आहे?”

“काही नाही. दोन भागांच्या मधलं पान. म्हणतात, चारशे वर्षं देव काही बोललाच नाही.”

“आपण एकतीस,” म्हातारा म्हणाला.

म्हातारीला हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. दोरा दिसेना, म्हणून ती थोडी थांबली.

मग गोठ्यातलं बाळ आलं. सुताराच्या घरात वाढलं, आजाऱ्यांच्या कपाळावर हात ठेवत फिरलं. एका बापाची बारा वर्षांची लेक गेली होती, तिला त्याने हाताला धरून उठवलं. म्हातारीने तो फर्मा काही न सांगता शिवला. कुठला ते म्हाताऱ्याला कळलं. 

पुढच्या फर्म्यावर तिची सुई पुन्हा अडली.

“त्याला क्रुसावर खिळलं तेव्हा त्याची आई तिथेच होती,” ती म्हणाली. “बहुतेक सगळे पळाले. ती उभी होती.”

“तू पण होतीस. उशाशी,” म्हातारा म्हणाला. “आणि मी तिसऱ्याच दिवशी इथे येऊन खळ कालवत बसलो.”

“तुम्ही पत्र लिहीत होतात हो. मला वाचता आलं नाही.” तिने सुई आरपार काढली. “पुढे ऐका. कबरीपाशी एक बाई रडत बसली होती. तो मागे येऊन उभा राहिला, तर तिला वाटलं, माळीच आहे.”

“माळी?”

“बागेतच होती ना कबर.”

“पुन्हा बाग,” म्हातारा पुटपुटला. “विसरलोच होतो मी.”

शनिवारी दुपारी शेवटचा फर्मा उरला. संध्याकाळी पाळक न्यायला येणार होता. तिने वजनाखालचं पान काढलं. ते सुकून सपाट झालं होतं, पण पेन्सिलीची अक्षरं होती तशीच होती.

“ते खोडणार?” त्याने विचारलं.

“खोडायला काय झालंय!” तिने खळीचा ब्रश त्याच्या हातात दिला आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ धरली. दोघांनी मिळून त्या बोटभर पट्टीवर खळ फिरवली. अक्षरं ओली झाली, धूसर झाली, आणि फर्म्याला चिकटून मिटली. मग तिने तो फर्मा चढवला, शेवटचा टाका घेतला, आणि गाठ मारायला दोऱ्याचा पहिला वेढा आवळून धरला.

“बोट ठेव गं,” ती सवयीने म्हणून गेली.

गाठ सैल पडू नये म्हणून वेढ्यावर बोट ठेवायचं काम खारूचं होतं. शाळेतून आली की आधी हेच. खारू गेल्यापासून म्हातारी दोऱ्याचं टोक दातांत धरून एकटीच गाठ मारत आली होती.

म्हाताऱ्याने हात पुढे केला. बोट दोनदा चुकलं, पुठ्ठ्यावर आपटलं, दोऱ्याला लागून घसरलं. तिने घाई केली नाही. तिसऱ्यांदा ते वेढ्यावर टेकलं. तिने दुसरा वेढा घातला, ओढला, कात्रीने दोरा कापला.

“झालं,” ती म्हणाली. “काढा आता.”

बाहेर पाळकाची सायकल थांबल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने बोट काढलं नाही. आणि तिनेही पुन्हा सांगितलं नाही.