कोऱ्या जागेतले तीनशे दहा

मी इंडिकेटर बोलतोय. गाडीचा नव्हे, रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या प्रोग्राममधला. डेटाबेसमधून रुग्णाच्या साखरेचा आकडा येतो आणि एका खणात बसतो. त्या खणाच्या दारावर मी. आकडा खरंच आला, तर मी शून्य होतो. डेटाबेसमधली जागा कोरी असेल, तर खणात नवं काहीच उतरत नाही आणि मी उणे एक होतो. म्हणजे, खणात जे दिसतंय त्यावर भरवसा ठेवू नका. संशय घेणं हाच माझा धंदा.

माझा जन्म काही कौतुकाने झाला नाही. कोरी जागा आली की प्रोग्राम अडायचा आणि लॅबच्या डॉक्टरीणबाई चिडायच्या. प्रोग्रामरने मला खणाला जोडलं, अडणं थांबलं, तो मोकळा झाला. मला विचारणारी ओळ लिहायचं मात्र राहूनच गेलं.

लॅबमध्ये रक्त तपासायचं काम डॉक्टरीणबाईंच्या वहिनींकडे होतं. एका सकाळी एका आजोबांचं रक्त नळीतच गोठलं. पुन्हा नमुना मागवू, म्हणून वहिनींनी साखरेची जागा कोरी ठेवली. मी उणे एक होऊन उभा! कुणी ढुंकून पाहिलं नाही. खणात आधीच्या रुग्णाचे तीनशे दहा पडून होते, तेच आजोबांच्या रिपोर्टवर छापले गेले. त्यांच्या डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या वाढवल्या आणि साखर फार उतरून आजोबा न्हाणीघरात कोसळले.

त्यांची मुलगी रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आली. "हा आकडा कुणी लिहिला?"

ती गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी दार लावलं. "वहिनी, खरं सांग. मनानेच टाकलास ना?"

"मी जागा कोरी सोडली होती."

"मग तीनशे दहा काय आभाळातून पडले?"

वहिनींनी एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि त्या निघून गेल्या.

प्रोग्रामर आला, तोही वहिनींवरच शंका घेत. त्याने एकट्या आजोबांचा रिपोर्ट काढला, तर साखर शून्य! आधी कुणाचा आकडा आलेला नसला, की खणात शून्यच असतं. "शून्य साखरेचा माणूस जिवंत कसा राहील?" तो पुटपुटला. मग आधीच्या रुग्णासकट काढला, तर तीनशे दहा. आता त्याला स्वतःचाच संशय आला. तेव्हा कुठे त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने राहिलेली ओळ लिहिली: मी उणे असलो, तर आकडा नको, 'तपासणी झालेली नाही' असं छाप.

आजोबा सुखरूप घरी गेले. डॉक्टरीणबाई वहिनींच्या दारी गेल्या. "चूक प्रोग्रामची होती गं."

"माझी नव्हती, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

वहिनी कामावर परत आल्या. नणंदेला त्या लाडाने 'चिमे' म्हणायच्या. आता 'डॉक्टर' म्हणतात.

हल्ली प्रत्येक रिपोर्टआधी मला विचारतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, तुमच्याकडेही माझी भावंडं असतील, गप्प उभी. आकडा कितीही खरा वाटो, आधी त्यांना विचारा. आणि आकडा खोटा निघालाच, तर माणसावर बोट रोखण्याआधी एकदा आमच्याकडे बघा.