पाच सेकंद पुढे, पाच सेकंद मागे

“चावी देताना हात हलका ठेवायचा. पुरेशी भरली की ती स्वतःच अडते. तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. आणि रोज ठरल्या वेळी द्यायची. आज सकाळी, उद्या आठवेल तेव्हा, असं चालायचं नाही. नेम म्हणजे नेम.”

हा आवाज एका घड्याळजीचा. आज तो खूप म्हातारा झालाय, पण तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या आणि भिंग डोळ्याला कायमचं चिकटल्यासारखं दिसायचं. त्याने हे सांगितलं, समोरच्या उंच माणसाने मान हलवली आणि मी त्या माणसाच्या मनगटावर चढलो.

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. माझ्यात बॅटरी नाही. पोटात एक गुंडाळलेली स्प्रिंग आहे. ती उलगडत जाते तशी माझी चाकं फिरतात, आणि एक लहानसं चाक जन्मभर इकडून तिकडे डोलत राहतं. मला शोभेसाठी केलेलं नाही. बरोबर वेळ दाखवावी एवढ्याचसाठी माझा जन्म. कारखान्यातल्या एका बाईंनी मला पंधरा दिवस तपासलं. थंड पेटीत ठेवलं, गरम पेटीत ठेवलं. आडवं निजवलं, उभं केलं, कुशीवर वळवलं. तापातल्या लेकराच्या कपाळाला आईने हात लावावा तशा त्या रोज सकाळी माझ्याकडे बघायच्या. माझ्याबरोबरची कितीतरी घड्याळं नापास होऊन परत गेली. मी पास झालो.

माझे पहिले मालक पूल चालवायचे. नदी समुद्राला मिळते तिथे एक लोखंडी पूल होता. वरून आगगाडी जायची. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पूल मधोमध उचलायचा आणि खालून उंच शिडाच्या होड्या सोडायच्या, हे त्यांचं काम. सगळे त्यांना पूलवालेच म्हणत. केबिनच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, पण खाऱ्या वाऱ्याने ते सारखं आजारी पडायचं. मग भरवसा माझ्यावर.

“ओ पूलवाले, दोन मिनिटं आधी उघडा की,” खालून एखादा होडीवाला ओरडायचा. “मासळीला वास मारायला लागलाय.”

“मासळीला सांगा, आधी गाडी जाईल,” पूलवाले वरून म्हणायचे, आणि मान खाली घालून माझ्याकडे बघायचे.

मान खाली घालून, कारण त्यांचे दोन्ही हात पूल उचलायच्या दांड्यावर असायचे. म्हणून ते मला मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, अगदी नाडीवर. दांडा ओढताना माझी कड त्याला घासायची. घासून घासून पाचच्या आकड्याजवळ एक खाच पडली, गव्हाच्या दाण्याएवढी.

आता एक गोष्ट सांगतो, ती फार थोड्यांना ठाऊक होती. माणूस उताणा निजला की एक तऱ्हेने घोरतो, कुशीवर वळला की दुसऱ्या. आमचंही तसंच असतं. हातावर एक चाल, आडवं ठेवलं की दुसरी, उभं ठेवलं की तिसरी. पूलवाले संध्याकाळी घरी आले की मला काढून बायकोच्या हातात देत. बोलत काही नसत. ती माझ्या कडेवरून अंगठा फिरवायची, त्या खाचेशी क्षणभर थांबायची आणि मला फडताळातल्या बशीत, भिंतीला टेकवून उभं ठेवायची. मी तिच्या हातात आलो, म्हणजे धनी घरी आले. मग ती पानं घ्यायची.

घड्याळजीने हे सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं, आणि मला त्याप्रमाणे लावलं होतं. दिवसभर त्यांच्या हातावर मी पाच सेकंद पुढे जायचो. रात्रभर बशीत उभं राहून पाच सेकंद मागे यायचो. सकाळी रेडिओवर वेळेचे ठोके पडले की माझा काटा जिथे हवा तिथे. दुसऱ्या कुणाच्या घरात मी चुकलो असतो. त्या घरात मी एकवीस वर्षं चुकलो नाही.

मग एका सकाळी पूलवाल्यांनी पूल उचलला, होड्या सोडल्या, पूल खाली घेतला, आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. माझ्याखाली त्यांची नाडी होती. ती थांबली आणि मी चालत राहिलो. घड्याळाला याहून वाईट काम दुसरं कुठलं असेल, ते मला माहीत नाही.

पुढे बरीच वर्षं पूलवाल्यांच्या बाई मला नेमाने चावी देत राहिल्या. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. कधी दिवसातून चारदा चावी द्यायच्या, कधी आठवडाभर मी निपचित पडलेला. एकदा त्यांच्या लेकीची दाढ दुखायला लागली. ती शाळेत शिकवायची. शाळेजवळच्या दंतवैद्याच्या भिंतीवर तिने घड्याळांचे फोटो पाहिले, आणि दुसऱ्या खेपेला मला रुमालात गुंडाळून घेऊन गेली.

“बाबांचं आहे,” ती म्हणाली. “आईच्या हातून मोडेल. आणि मोडलेलं आईला दाखवायची माझ्यात हिंमत नाही. तुम्ही ठेवाल का?”

“माझ्याकडे बेचाळीस आहेत,” डॉक्टर म्हणाले. “त्रेचाळिसावं जड नाही.”

“हे वाक्य मी बेचाळीस वेळा ऐकलंय,” आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

डॉक्टरांचं कपाट बघण्यासारखं होतं. उथळ खण, प्रत्येकात मऊ कापड, प्रत्येक घड्याळाला आपापली जागा. सगळी माझ्यासारखीच, वेळेची परीक्षा पास झालेली. रोज सकाळी सातला ते एकेकाला उचलून चावी देत आणि रेडिओच्या ठोक्यांशी ताडून बघत. बायको म्हणायची, “अहो, माणसांच्या दातांपेक्षा या चाकांच्या दातांतच तुमचं लक्ष जास्त. त्रेचाळीस घड्याळं घरात, आणि माणूस जेवायला एकदा वेळेवर येईल तर शपथ.” डॉक्टर हसायचे आणि उशिराच यायचे.

माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी माझ्यावर प्रेमच केलं. आणि त्या प्रेमातच माझा घात झाला.

त्यांच्याकडे एक यंत्र होतं. ते टिकटिक ऐकायचं आणि कागदावर रेघ काढायचं; घड्याळ बरोबर असलं की रेघ सरळ. मला उभं ठेवलं की रेघ एकीकडे उतरायची, हातावर बांधलं की दुसरीकडे चढायची. डॉक्टरांना ते बघवेना. ते मला घेऊन त्याच घड्याळजीकडे गेले.

म्हाताऱ्याने मला उघडलं आणि लगेच ओळखलं. “डॉक्टर, हे बिघडलेलं नाही. हे एका माणसाला लावलंय. मीच लावलंय.”

“पण तो माणूस आता नाही ना, काका.”

“नाही, म्हणूनच म्हणतो. राहू द्या.”

“घड्याळाने सगळ्यांना सारखंच खरं सांगायला हवं,” डॉक्टर म्हणाले.

घड्याळजीने भिंग दोनदा पुसलं. मग त्याने माझं ते पाच पुढे आणि पाच मागे काढून टाकलं. आता मला कसंही ठेवा, मी बरोबरच चालतो. कुणाच्याही हातावर. म्हणजे खरं तर कुणाच्याच नाही.

राहिली होती ती खाच. ती डॉक्टरांनी एका रविवारी स्वतःच्या हाताने घालवली. दातांना चकाकी आणायचं छोटं फिरतं चाक आणि घासायची लाल पूड घेऊन ते तासभर बसले होते. गुणगुणत होते. एकवीस वर्षांचा दांडा तासाभरात निघून गेला. “बघ,” त्यांनी बायकोला दाखवलं, “कारखान्यातून आलं तेव्हा असंच असणार.” तसंच होतो मी. कुणालाही भेटायच्या आधी जसा होतो, तसा.

दीड-दोन वर्षं गेली. एका दुपारी पूलवाल्यांची लेक दवाखान्यात आली. दाढ दुखत नव्हती.

“थोडे दिवस घड्याळ परत द्याल का?” तिने विचारलं. “आई रोज संध्याकाळी दाराशी बसून राहते. म्हणते, ते कसे आले नाहीत अजून. ते आल्याशिवाय जेवायचं नाही, निजायचं नाही. पार थकून गेलीये हो ती. घड्याळ तिच्या हातात पडलं, तर तिला वाटेल बाबा घरी आले. तेवढं कळलं की ती निजेल.”

डॉक्टर स्वतः मला घेऊन गेले. बाई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या, वाळून काडी झालेल्या. लेकीने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. “आई, बघ. बाबांचं घड्याळ.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. अंगठा माझ्या कडेवरून फिरला. बारापासून निघाला, पाचापाशी आला. थांबला. मागे गेला, पुन्हा आला. मित्रांनो, मला हात असते तर तेव्हा मी ती खाच स्वतःच्या अंगावर कोरून घेतली असती. अंगठा तीनदा फिरला, आणि तीनदा गुळगुळीत पोलादावरून घसरला.

“हे नवं आहे,” बाई म्हणाल्या. “चांगलं आहे. पण त्यांचं नाही.”

लेकीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

“म्हणजे ते अजून पुलावरच आहेत,” बाई हळूच म्हणाल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही त्यांच्या पुलावरचेच ना? एवढा निरोप सांगाल? त्या दिवशी सकाळी मी रागावले होते. हिच्या शाळेत बक्षीस होतं आणि यांना सुट्टी नको. निघताना ते ‘येतो’ म्हणाले, मी बोललेच नाही. चुलीकडे तोंड करून बसले. सांगा त्यांना, मी मनात ‘या’ म्हटलं होतं. तोंडाने नाही म्हटलं, पण म्हटलं होतं. राग धरून बसले असतील म्हणूनच येत नाहीत ते.”

“सांगतो, वहिनी,” डॉक्टर म्हणाले.

“नक्की?”

“नक्की सांगतो. शब्द देतो.”

बाईंनी मला त्यांच्या हातात परत ठेवलं. “आणि हे तुमचं तुम्ही घ्या. विसराल इथेच.”

परत येताना लेक फाटकापर्यंत आली. “आईचं मनावर घेऊ नका, डॉक्टर. ती असं बोलते.” डॉक्टर तसेच घरी आले. मला त्यांनी खणात ठेवलं नाही, हातावर बांधलं. पण पुलाकडे ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणाची अक्कलदाढ होती, तिसऱ्या दिवशी कवळी. शिवाय रिकाम्या केबिनला निरोप सांगायचा म्हणजे शहाण्या माणसाला लाजच वाटते. ते रोज म्हणायचे, रविवारी जाऊ. रविवार आला आणि गेला. सेकंद मोजणारा माणूस, मित्रांनो, आणि त्याचे नऊ दिवस असे निघून गेले.

दहाव्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. आई पहाटे गेली. शेवटपर्यंत दाराकडेच तोंड होतं.

मला फार बोलता येत नाही. एवढंच सांगतो. जुन्या वस्तू जरूर जपा, पण चकचकीत करण्याआधी कुणाला तरी विचारा की ही खाच कशाची, हे असं का चालतं. आमच्या अंगावर जे उरतं ते नेहमी मळच असतं असं नाही. कधीकधी एखादं माणूस तेवढंच उरलेलं असतं. आणि कुणाला शब्द दिलात, तर त्याचीही वेळ पाळा. घड्याळाची पाळता, तशीच.

डॉक्टरांनी फोन ठेवला. मग त्यांनी सातची चावी दिली नाही. बेचाळीस घड्याळं तशीच खणात राहिली. दवाखान्याच्या दारावर ‘आज बंद’ची पाटी लावून ते चपला शोधायला लागले.

“कुठे निघालात?” बायकोने विचारलं.

“पुलावर.”

ती जवळ आली. तिला सगळं ठाऊक होतं. “अहो, आता कशाला? आता त्या स्वतःच भेटल्या असतील त्यांना. सांगतील की.”

“त्यांचं त्या सांगतील,” डॉक्टर म्हणाले. “मी कबूल केलंय, ते माझं मला सांगायला हवं.”

तिने खुंटीवरची छत्री काढून त्यांच्या हातात दिली. ते जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि नदीकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे चार माणसं होती. डॉक्टरांचे ओठ हलत होते. एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून, बाईंचा निरोप ते पाठ करत होते.